दुसऱ्याच भागात सापडलेला खुनी

माझं नाव माझ्या फुईनं ठेवलं. आमच्याकडे बारशाला वडिलांची बहीण, म्हणजे फुई, नाव ठेवते आणि एकदा ठेवलं की जन्मभर त्या नावावर तिचा हक्क राहतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते पहिल्यांदा छापून आलं तेव्हा ती मुद्दाम रनाळ्याहून नंदुरबारला आली, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मन्हं नाव बेस दिखस." त्याच कागदावर गणितात छत्तीस गुण होते. त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझे होते.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा गोंधळ या नावामुळे वाढला. केला मीच, पण वाढला नावामुळे.

गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर दर रविवारी दुपारी दोन वाजता एक परदेशी मालिका हिंदीत बोलायला लागली. मुळात ती एका कॉमिकमधल्या मुखवटावाल्या वीराची गोष्ट. पण मालिका काढणाऱ्यांनी त्या वीराला पार मागच्या बाकावर बसवलेलं. तो प्रत्येक भागात दोन-तीन मिनिटं यायचा, धुक्यात उभा राहायचा आणि निघून जायचा. बाकी सगळा मामला पोलीस ठाण्याचा. बंदरावरच्या एका शहरात एकामागून एक खून होतात, प्रत्येक प्रेताच्या मुठीत पितळी शिट्टी सापडते आणि एक थकलेली इन्स्पेक्टरबाई खुन्याला शोधत फिरते. एकूण भाग दहा.

या मालिकेनं रनाळ्यात काय धुमाकूळ घातला म्हणून सांगू! त्याला कारण मिरची. थंडीत फुईच्या घरी वाळलेल्या लाल मिरचीचा ढीग पडतो आणि गल्लीतल्या सात-आठ बाया देठ मोडायला तिच्या पुढच्या खोलीत गोल करून बसतात. समोर टीव्ही. ठसका लागू नये म्हणून प्रत्येकीच्या नाका-तोंडावर फडकं बांधलेलं, उघडे फक्त डोळे. म्हणजे पडद्यावर मुखवटावाला एक आणि पडद्यासमोर आठ.

"हाऊ तोंड बांधस तं त्याले वीर म्हनतस," फुई म्हणायची, "आम्ही रोज बांधतस, आमले कोन इचारस?"

त्या खोलीत मतांचा तुटवडा कधीच नव्हता आणि दर रविवारी संध्याकाळी फुईच्या फोनवरून ती सगळी माझ्यापर्यंत पोचायची. फुईची सून, माझी वहिनी, इन्स्पेक्टरबाईच्या बाजूची. "त्या बाईले घर नई का? इतला भाग व्हयनात, एकदाबी बठीसन चहा लिधा नई तिनी." शेजारच्या किराणा दुकानाचा शेठ दोनच्या ठोक्याला दुकान सोडून यायचा आणि नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहायचा. शेठ मारवाडी, तीन पिढ्या रनाळ्यात, अहिराणी आमच्याहून चोख. लहानपणी त्याच्या वडिलांच्या दुकानात विक्रीला टांगलेली कॉमिकं आम्ही दोघं घडी न मोडता वाचून परत टांगायचो. त्यामुळे आपण या विषयातले अधिकारी आहोत, अशी त्याची समजूत.

"कॉमिकमां आसं नव्हतं," तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. "कॉमिकमां इन्स्पेक्टर गडी मानूस व्हता. कॉमिकमां शिट्टीबी नव्हती."

"मंग घर जाईसन तुन्हं कॉमिकच देख ना, शेठ!" फुई फडक्याआडून ओरडायची. "आठे कसाले उभा शे?"

फुईचा संशय पहिल्या दिवसापासून नगराध्यक्षावर. का, तर तो पडद्यावर कधी जेवताना दिसत नाही. आणि जीव कोणावर, तर पोलीस ठाण्याच्या रेकॉर्ड रूममधल्या म्हाताऱ्या कारकुनावर. हा कारकून फायली झटकत बसायचा, इन्स्पेक्टरबाई दमून आली की खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचा. तो दिसला की फुई टीव्हीकडे दोन्ही हात करून, दृष्ट काढल्यासारखी कडाकडा बोटं मोडायची आणि संध्याकाळी फोनवर मला सांगायची, "कितला गरीब मानूस! तुन्हासारखा."

मीसुद्धा कारकूनच. नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये. त्यामुळे त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप स्वतःकडे ओढून घ्यायचो.

त्या खोलीत कायदा एकच. पुढे काय होणार हे कोणी सांगायचं नाही. फुईनं आयुष्यभर पाऊस, भाव आणि जावई या तिन्ही बाबतींत पुढचं आधी सांगणाऱ्यांचं ऐकलं होतं आणि त्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. "एक तं गोठ ऱ्हाऊ द्या," ती म्हणायची, "जी मले शेवटलेच समजी." म्हणून त्या खोलीत भाग संपला की त्यावर बोलायचं, त्याच्या पुढचं नाही. एका बाईनं कुठल्याशा दुसऱ्या मालिकेचा शेवट फोडला होता. तिला फुईनं आठवडाभर सगळ्यांत तिखट ढिगापाशी बसवलं होतं.

आता माझ्याकडे येतो. मालिका सुरू झाली आणि नेमकं माझ्या मागे मतदार याद्यांचं काम लागलं. सलग सात रविवार गेले. फोनवर फुई विचारायची, "देखं का रे?" मी म्हणायचो, "देखं, देखं." एकही भाग पाहिला नव्हता. तेवढ्यात सुरतच्या माझ्या भाच्यानं कुठूनसे सगळे दहाच्या दहा भाग पेन ड्राइव्हमध्ये भरून पाठवून दिले. सातव्या रविवारनंतरच्या सोमवारी सुट्टी होती. सकाळी चहा घेऊन बसलो, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि यादीत वरून खाली सात भाग संध्याकाळपर्यंत बघून काढले. टीव्हीवर सात झालेले, माझेही सात. झाली बरोबरी!

आणि काय सांगू, मी थक्क झालो. पहिल्या भागात खून होतो आणि दुसऱ्याच भागात खुनी पकडला जातो. कोण? तर तो लिमलेटवाला कारकून! मुखवटावाला त्याला धक्क्यावरून खेचत आणतो, कारकून सगळं कबूल करतो, शिट्ट्यांची पेटी उघडते, इन्स्पेक्टरबाई प्लास्टरमधल्या हातानं त्याला बेड्या घालते. आणि तिसऱ्या भागात काय, तर तोच कारकून आपल्या जागेवर बसून फायली झटकतोय! इन्स्पेक्टरबाईचा हात धडधाकट. गोळ्या वाटणं चालू. कोणाला काही आठवतच नाही.

फुई तर फोनवर अजून त्याच कारकुनाचं कौतुक करत होती; दुसऱ्या कुणा शहाण्या माणसाला शंका आली असती. मी साहित्याचा माणूस, मला शंका येत नाहीत, मला अर्थ दिसतात. मी तिथल्या तिथे वही काढली. आमच्या जिल्ह्यातल्या एका पेपरात रविवारच्या पुरवणीत प्रेक्षकांची मतं छापायचा एक कोपरा आहे, त्यासाठी दणदणीत मत लिहिलं. 'खुनी कोण हे शेवटपर्यंत ताणण्याचा बाळबोध मार्ग या मालिकेनं नाकारला आहे. रेकॉर्ड रूममधला कारकूनच खुनी आहे, हे दुसऱ्याच भागात सांगून टाकण्याचं धाडस तिनं केलं. पुढे आपल्याला माहीत असलेलं पात्रांना माहीत नाही, यातच खरा थरार आहे. इन्स्पेक्टरचा मोडलेला आणि पुन्हा सांधलेला हात ही तर काळाचीच मोडतोड.' काळाची मोडतोड! हे वाक्य लिहून मी स्वतःच उठून खोलीत एक फेरी मारली.

मत पाठवलं. पुढच्या रविवारी छापून आलं. आठवा भाग त्याच दिवशी दुपारी यायचा होता. पहाटे पेपर हातात पडताच मी पहिला फोन फुईला केला. "फुई, तुन्हं नाव पेपरमां उनं!" तिकडून अशी आरोळी आली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "लई ये! आते लई ये! सारी गल्लीले बलाडस मी. तू वाची दाखाड."

मोटारसायकल काढली. गावात शिरताच शेठनं दुकानातून हात केला. त्याच्यासमोर पुरवणी पसरलेली, चेहरा उतरलेला.

"तू हाई काय छापं?"

"कसं वाटलं?" मी विचारलं. मला वाटलं, भारावला.

"आरे, टीव्हीवर सात भाग व्हयनात. कारकूनवर आजून कोनी बोटबी ठेयेल नई! तुले कोनी सांगं तो खुनी शे?"

"दुसऱ्या भागात तर पकडला त्याला."

शेठनं पुरवणी बाजूला सारली. मग म्हणाला, "तो पेन ड्राइव्ह खिसामां शे का?"

होता. शेठनं तो दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला आणि दहा नावांची यादी समोर आली. माझ्या टीव्हीवर त्या लांबलचक नावांची शेपटं कापली जात होती, आकडे दिसतच नव्हते. इथे दिसले. एक. त्याच्याखाली दहा. त्याच्याखाली दोन, तीन, चार. यंत्रानं एकच्या मागोमाग एकनं सुरू होणारा दहा लावून टाकला होता. मी पहिल्या भागानंतर सरळ शेवटचा भाग पाहिला होता आणि मालिकेचा शेवट जिल्हाभर छापून आणला होता.

शेठ आधी हसला. काउंटरला धरून, डोळे पुसत, वाकून हसला. मग एकदम थांबला. "आरे, पन मन्हाबी इस्कोट व्हई ग्या ना भो! मी तं कॉमिक वाचीसनबी ओळखू शकनू नसतू. कॉमिकमां कारकूनच नव्हता!"

"शेठ, ते ऱ्हाऊ दे. फुई!"

पंचाहत्तरीची बाई गेले सात रविवार एका कारकुनावरून बोटं मोडतेय, तीन रविवार उरलेत, आणि पुढचं ऐकायचं नाही एवढी एकच गोष्ट तिनं जगाकडे मागितलेली. ती मोडायला मी तिचंच नाव लावून, तिच्याच दारात, कागद घेऊन निघालो होतो.

गावात तो पेपर चार ठिकाणी येतो. शेठचा घडी करून पोत्याखाली गेला. सलूनमधला मी दाढी न करता उचलला. दूध डेअरीतल्यावर शेठनं चहा सांडला, मुद्दाम. ग्रामपंचायतीतला मात्र कुणीतरी घरी नेला होता. पण फुईच्या हातात द्यायचा माझा कागद? तो लपवता येईना. तिला त्यावर नाव बघायचं होतं.

खोलीत शिरलो तर आठ मुखवटे माझ्याकडे वळले. फुईनं कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि खालचं माझं नाव बरोबर शोधून काढलं. फुई दुसरी शिकलेली. ते नाव ती लांबूनही ओळखते, बाकीची बारीक अक्षरं जुळवत बसायची तिला हौस नाही. बोट फिरवून झालं आणि कागद माझ्याकडे परत आला. "वाच."

मी घसा खाकरला. मिरचीनं मदत केली, दोन मिनिटं नुसता खोकलो. मग छापलेल्या ओळींवर नजर ठेवून तोंडाला येईल ते बोलायला लागलो. काय बोलावं सुचेना, म्हणून समोर जे होतं तेच उचललं. "'या मालिकेत,'" मी वाचल्यासारखं केलं, "'मुखवटा बांधणाऱ्याचं फार कौतुक आहे. पण जी माणसं रोज तोंड बांधून कामाला बसतात, त्यांना वीर कोण म्हणतं?'"

फुईचे हात देठावरच थांबले.

"'इन्स्पेक्टरबाई सात भागांत एकदाही बसून चहा प्यायलेली नाही. तिला घर नाही का?'" वहिनीनं फडकं खाली ओढलं. "'आणि नगराध्यक्ष जेवताना का दिसत नाही, याचा तपास पोलिसांनी करायला हवा. मूळ कॉमिकमध्ये असं नव्हतं, हेही नमूद करतो.'"

"आसं छापेल शे?" दारातून शेठ बोलला. त्याला सगळं माहीत असूनही छाती फुगली होती.

मग काय गलका उठला! "देखा, देखा! पेपरवालासलेबी आसंच वाटस!" "मी म्हनी नव्हती का चहानं?" बायांनी मिरच्या सोडून टाळ्या वाजवल्या, ठसका उडाला, सगळी खोली एकदम खोकली. फुईनं कात्री मागवली, कात्रण कापलं, चौघडी करून बटव्यात ठेवलं. मी जिंकलो होतो. फक्त त्या बटव्यात आता सुरुंग होता.

पुढचे पंधरा दिवस मी जसा जगलो तसा तो खुनी कारकूनही जगला नसेल. कचेरी सुटली की रोज रनाळे. "फुई, तब्येत कशी शे?" फुई खूश, "पोऱ्याले मन्ही कितली माया!" आलागेला दिसला की बटवा उघडायचा आणि मी झडप घालून कात्रण स्वतःकडे घ्यायचो. "द्या, मी वाचतो." एका पाहुण्यापुढे, एका पोस्टमनपुढे, दोन विहिणींपुढे मी तेच भाषण म्हटलं. दर वेळी थोडं वेगळं व्हायचं. फुई मध्येच टोकायची, "काल तठे टाळ्यासनी जागा व्हती, ती सोडी दिन्ही." एका बुधवारी मात्र कचेरीत तपासणी निघाली आणि जाता आलं नाही. अख्खा दिवस साहेबांसमोर मी भलत्याच फायली उघडत होतो. गुरुवारी धडधडत गेलो तर फुई तशीच आनंदात, कारकुनाचं कौतुक चालू. कशी काय वाचलो, कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

आठवा गेला, नववा गेला. दहाव्या भागाला खोलीत बसायला जागा उरली नव्हती. मीही फडकं बांधून फुईशेजारी मिरची मोडत बसलो. धक्का आला, धुकं आलं, मुखवटावाला कुणालातरी खेचत आणतोय. फुई पुढे सरकली. "नगराध्यक्षच शे! देखा, नगराध्यक्षच!" दिवा पडला. कारकुनाचा चेहरा.

खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. फुईच्या हातातली मिरची खाली पडली. मग ती जी उठली! पंचाहत्तरीची बाई टीव्हीसमोर उभी राहून कारकुनाला हात नाचवून विचारत होती. "आरे मेल्या! तुन्हावरथीन बोटं मोडी मी! तुन्ही गोळी! तुन्ही ती गोळी!" आणि त्याच दमात हसायला लागली, डोळ्यांत पाणी, गाल लाल. "काय फसाडं वं माय! मले! मले फसाडं!" मी तिला इतकं खूश माझ्या नोकरीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी सुटकेचा श्वास सोडला. तो फार लवकर सोडला.

"आते पेपरवालासनं मत वाचा परत," फुई म्हणाली आणि बटवा उघडला. मी हात पुढे केला, पण कात्रण माझ्या डोक्यावरून दारात गेलं. "तू नको, तुन्हा घसा बठी जास. शेठ, तू वाच. तुन्हा आवाज मोठा शे."

शेठला वाटलं, आता काय, शेवट तर कळला. त्यानं जे छापलं होतं तेच वाचलं, दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारावी तशा आवाजात. रेकॉर्ड रूममधला कारकूनच खुनी आहे. दुसऱ्याच भागात. काळाची मोडतोड.

फुईनं आधी शेठकडे पाहिलं, मग कात्रणाकडे. "हाई तवयनं छापेल शे?"

"तवयनंच," शेठ पुटपुटला.

"मंग हाऊ मले काय वाची दाखाडत व्हता?" ती हळूच वळली. मग तिला आणखी काहीतरी आठवलं आणि तिनं सुनेकडे बोट केलं. "आनि तू? त्या बुधवारले पाव्हनीसमोर तू वाचं. तूबी तेच वाचं, चहानं, नगराध्यक्षनं..."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बुधवारी कात्रण हिच्या हातात पडलं होतं! हिनं मनात वाचलं, समजून घेतलं आणि माझं भाषण पाठ असल्यासारखं धडाधड म्हणून दाखवलं होतं. वर चहाबद्दल स्वतःच्या चार ओळी घातल्या होत्या, हे नंतर कळलं. त्या क्षणी आम्ही दोघांनीही एकाच वेळी तोंडावरचं फडकं नाकापर्यंत वर ओढलं.

"फडकं काढा," फुई म्हणाली.

काढलं. सगळं सांगितलं. पेन ड्राइव्ह, यादी, एकच्या खाली दहा, डेअरीतला चहा. सांगताना बाया हसून हसून मिरचीच्या ढिगावर कलंडत होत्या आणि फुई मात्र एकेक देठ मोडत ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं ते भलतंच.

"तुले तीन हप्तापासून माहीत व्हतं?"

"व्हतं."

"आनि तू तोंड उघाडं नई? तू?" ती सुनेकडे वळली. "हाऊ पोऱ्या! यान्हा पोटमां पानी बी टिकत नई, आनि यानी तीन हप्ता..." पुढे तिला हसूच आवरेना. हसता हसता तिनं निकाल दिला. एक, पेन ड्राइव्ह जप्त. तो त्याच दिवशी तिखटाच्या डब्यात, तिखटाच्या आत गेला आणि अजून तिथेच आहे. दोन, छापलेलं कात्रण चुलीत. "त्यावर मन्हं नाव शोभत नई. जे तोंडवरी वाचं ना, ते लिखीसन धाड. त्यावर नाव टाक."

मी लिहिलं. आठवेल तसं, चहा, फडकं, नगराध्यक्ष आणि वहिनीच्या चार ओळींसकट. पेपरानं त्यातलं निम्मं छापलं, चहा ठेवला, कॉमिक उडवलं, त्यावरून शेठ अजून पेपराशी बोलत नाही. फुईनं नावावरून बोट फिरवलं आणि कात्रण बटव्यात ठेवलं.

मालिकेचे पुढचे भाग येत्या थंडीत येणार आहेत असं शेठ म्हणतो. या वेळी माझ्याकडे काहीच नाही, पेन ड्राइव्ह नाही, मत नाही. मी आपलं माझं फडकं धुऊन ठेवलंय. परवा मी फुईला सहज म्हटलं, खुनी तर सापडला, आता काय बघायचं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गणितातले छत्तीस तिला आज दिसले.

"कारकून निस्ता पकडाई ग्या," ती म्हणाली. "नगराध्यक्ष आजून जेवना नई."